उजव्या फाट्यातला बांध

पत्र आलं तो शुक्रवार होता. गुलाम रसूल जुम्म्याची नमाज करून घरी आला, ओट्यावर टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तेवढ्यात पोस्टमनने सायकलवरून न उतरताच पाकीट त्याच्यापुढे धरलं. सरकारी पाकीट. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि आत हाक दिली, "नाझिया, बग गो काय लिवलाय. आपल्या बांधाचंच असणार."

त्याची लेक नाझिया मागच्या पडवीत मुळे, खाडीतल्या शिंपल्या, उकडत होती. उकडलेल्या शिंपल्या फोडून फोडून तिच्या बोटांची टोकं सोललेली होती. तिने हात धुतले, पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं.

"यादीतील अनुक्रमांक चौदा अन्वये दांडवेळ खाडीच्या उजव्या फाट्यात समक्ष पाहणी केली असता कोणताही बांध अथवा अडथळा आढळून आला नाही. सबब अर्जदाराची तक्रार निराधार असून प्रकरण दफ्तरी दाखल करण्यात येत आहे."

"आढळून आला नाय?"

"नाय, बावा."

"परत वाच."

तिने परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेजारच्या ओट्यावरची माणसंही ऐकत होती.

"दोनशे हात लांब बांध," गुलाम रसूल म्हणाला. "वरनं उमेरची जीप जाते. मी त्यावर चढून थुकलोय." तो हसला नाही. टोपी परत डोक्यावर ठेवली, परत काढली. "साहेब कुठं ग्येलावता बगायला?"

साहेब कुठे गेला होता ते अख्ख्या मोहल्ल्याने पाहिलं होतं. महिन्यापूर्वी जीप आली, नव्या पुलावर थांबली, दोन माणसं कठड्याशी उभी राहिली, एकाने सिगारेट ओढली, आणि जीप गेली. पुलावरून कोथळीच्या कोळंबीच्या तळ्यांतले पाणी घुसळणारे पंखे ऐकू येतात. वारा नसला तर तळ्यांचा वासही येतो. पण पूल आहे दुसऱ्या फाट्यावर, आणि साहेब त्याच फाट्याकडे तोंड करून उभा होता.

हे सगळं सुरू झालं जानेवारीत. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत नदीला कुठेकुठे आडवं काय घातलंय, याची यादी आणि नकाशा करणारी एक मंडळी होती. पगारी कुणी नव्हतं. कॉलेजची पोरं, दोन शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. प्रत्येक बंधारा, प्रत्येक बांध, पाणी सोडायची प्रत्येक उघाडी, फळ्यांचे बरगे घातलेलं असो की मोडकं असो, सगळं कागदावर घ्यायचं. घाटाकडे माणसं पुष्कळ मिळाली. खाडीसाठी एकच माणूस पुढे आला. अडुसष्ट वर्षांचा गुलाम रसूल. पूल होईपर्यंत तीस वर्षं त्याने या काठाची माणसं त्या काठाला नेली होती. पूल झाला आणि होडी उलटी घालून ठेवली. ती त्याने सरळ केली, डांबर लावलं.

त्याला एक दिवस राजापूरच्या शाळेत बसवून शिकवलं, चाळीस छापील फॉर्म दिले आणि एक मोजपट्टी दिली. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र एकच होतं, ते घाटातल्या लोकांकडे गेलं. मोजपट्टीवर गुलाम रसूलचा विश्वास बसला नाही. त्याने काथ्याच्या दोरीला हाताहातावर गाठी मारल्या आणि दोरी घेऊन निघाला. संध्याकाळी परतला की पाय धुवायच्या आधी नाझियाला बसवायचा. तिचं अक्षर चांगलं, गावच्या वाचनालयाची कपाटं तिने दोनदा वाचून संपवलेली. नवरा नबील दुबईला बोटीवर, सासर दोन घरं सोडून, त्यामुळे बापाचा सगळा कागद तिच्याच हातचा.

"लिही. चौदावा. मातीचा बांध, अंगाला दगड. वर जीपची वाट. पाणी आरपार जायला नळ नाय. खोली बाहेरनं तीन हात, आतनं सात. फाटा उजवा."

तिने लिहिलं, उजवा. खाली शेऱ्याच्या ओळीत तो म्हणाला तसं, "कोथळीचा फाटा, मुळ्यांच्या वाटेचा," असंही लिहिलं.

खालच्या दोन मोहल्ल्यांतल्या आणि भोईवाडीतल्या बाया कोथळीच्या चिखलात मुळे काढत. ओहोटीला, सुकती म्हणतात तिला, चिखल उघडा पडला की कमरेत वाकायचं आणि बोटांनी शिंपल्या शोधायच्या. गुलाम रसूलच्या भावाचा मुलगा उमेर सहा वर्षं दम्मामला राहून आला, दोन वर्षांपूर्वी कोथळीची जुनी खारी शेतं त्याने कोळंबीच्या तळ्यांसाठी घेतली, आणि शेतांबरोबर फाट्याचं तोंडही बुजवलं. परवानगी शेतांची होती. फाटा कुणाच्याच नावावर नव्हता. अर्धी मुळ्यांची जागा बांधाच्या आत गेली, बाहेरच्या अर्धीवर वरून येणारं पाणी थांबलं आणि गुडघाभर काळा गाळ बसला. त्यात शिंपली सापडते, उघडी, रिकामी. यादी सरकारकडे गेली तेव्हा चौदाव्या बांधाबद्दल गुलाम रसूलने वेगळा तक्रार अर्जही जोडला होता.

पत्राची बातमी उतरत्या दुपारच्या असरच्या नमाजाच्या आत मशिदीच्या पायरीपर्यंत पोचली. उमेर तिथेच चपला घालत होता.

"चाचा," तो म्हणाला, मोठ्याने, पण आदराने, "चष्म्याचा नंबर बदलून घ्या. पैसं मी देतंय. साहेबास दिसला नाय तो बांध तुमाला कसा दिसला?"

चारजण हसले. गुलाम रसूलने चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच घरी आला. त्या रात्री त्याने नीट जेवण केलं नाही. "उजवाच लिवलंय ना गो आपण?"

"उजवाच, बावा."

"मग?"

रविवारी सकाळी भरतीबरोबर तो होडी घेऊन निघाला, परत मोजायला. दुपारी भोईवाडीतली आवडाबाई मुळ्यांची पाटी घेऊन कोथळीला गेली तेव्हा पाणी उतरलेलं होतं. बांधापासून वीस हातांवर होडी चिखलात बसली होती आणि होडीत तो बसला होता, मान किंचित बाजूला, दोरी मांडीवर. आवडाबाईने दोनदा हाक मारली. मग पाटी टाकली आणि चिखल तुडवत गेली. बांधावर उमेरची माणसं तळ्यात खाद्य टाकत होती. त्यांनी सकाळपासून पाहिलं होतं. म्हातारा बसलाय, एवढंच त्यांना वाटलं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. जेवण भावकीतून येतं. पहिल्या दिवशी मामाकडून आलं, दुसऱ्या दिवशी व्याह्यांकडून. तिसऱ्या दिवशी जीप दारात थांबली, दोघांनी झाकलेला टोप उचलून पडवीत ठेवला. उमेरकडचा. नाझियाच्या आईने, हफीजाने, झाकण उचललं. कोळंबीचा पुलाव. एकेक कोळंबी अंगठ्याएवढी.

"परत न्या," नाझिया म्हणाली.

"गप." हफीजा भिंतीला टेकून बसली होती, पांढऱ्या ओढणीत, आवाज बसलेला. "मयताच्या घरात आलेलं परत करत नाय कुणी. तो भावाचा पोर हाय त्यांच्या. खांदा दिलान त्याने."

"खांदा दिला. आणि चप्पल घालताना काय म्हणाला तेही सांग."

"तुना खायचं नाय तर नको खाऊ. वाढ लोकांस."

नाझियाने वाढलं. तीस-बत्तीस माणसांना, कुणाला पुरवून, कुणाला दुसऱ्यांदा विचारून. पुलाव चांगला झाला होता, सगळे म्हणाले. तिने टोप घासला, राख लावून, आतून-बाहेरून, उमेरच्या घरी तो तसा चकचकीत कधी गेला नसेल. हातांना कोळंबीचा वास दोन दिवस राहिला.

हफीजा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस तिला उंबरठा ओलांडायचा नव्हता. मागच्या दारातून खाडीचा एक तुकडा दिसे, तेवढाच तिचा. बाजार, पाणी, मुळे, सगळं नाझियावर आलं. कोथळी गेली म्हणून ती आणि आवडाबाई आता खालच्या खडकाकडे जात, जिथे मुळे बारीक निघतात आणि धारदार शिंपांनी पाय फाटतात. दोन तास वाकल्यावर अर्धी पाटी. नाटे गावच्या बाजारात बाया ती पाटी हलवून बघत आणि म्हणत, "हे काय मुळे? ही बटनं हायत."

एप्रिलच्या शेवटी रुपाली आली. यादी करणाऱ्या मंडळींपैकी ती, साताऱ्याकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, खांद्याला पिशवी. जानेवारीत ती दोनदा येऊन गेली होती, गुलाम रसूलच्या होडीतून फिरली होती. ती हफीजाजवळ जाऊन खाली बसली. मग पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढला.

"काकांचे मूळ कागद. आमच्याकडे टाइप झालेत. तुमच्याकडे असावेत असं वाटलं."

नाझियाने गठ्ठा घेतला. वरच्या कागदावर चिखलाच्या अंगठ्याचा डाग होता.

"एक सांगायचंय," रुपाली म्हणाली. "मी कागद परत तपासले. काकांची डाव्या-उजव्यात चूक झालीय. चौदा नंबरचा बांध डाव्या फाट्यात आहे. त्यांनी उजवा लिहिलाय. एकच नाही, खाडीतले सगळेच उलटे आहेत. साहेब उजव्या फाट्यात गेले, म्हणून त्यांना दिसला नाही. आम्ही दुरुस्तीपत्र देणार आहोत. 'स्वयंसेवकाच्या नजरचुकीमुळे,' असं लिहून. म्हणजे परत पाहणी होईल."

नाझियाने वरचा फॉर्म ओढून काढला.

"हे अक्षर कुणाचं आहे?" तिने फॉर्म पुढे धरला.

"काकांचं... नाही?"

"माझं. चूक असेल तर माझी आहे. आणि इथे खाली शेरा लिहिलाय. कोथळीचा फाटा. हा तुमच्या टाइप केलेल्या यादीत आहे का?"

रुपालीने मान खाली घातली. "शेऱ्याचा रकाना घेतला नाही. तीनशे नोंदी होत्या. कागद पुरेना."

"कागद पुरेना," नाझिया म्हणाली. "त्यांना सगळ्या मशिदीसमोर आंधळं ठरवलं, आणि तुम्हाला कागद पुरेना."

"नाझिया," हफीजा म्हणाली. "पावनी हाय ती."

"पाहुणी आहे, म्हणून हळू बोलतेय."

रुपाली रडली नाही, हे तिचं बरं होतं. तिने पिशवीतून आणखी एक कागद काढला. "हे शिकवताना दिलेल्या सूचनांचं पान. सातवी सूचना. तुम्हीच वाचा. मला भांडायचं नाहीये."

सातवी सूचना होती, "डावा-उजवा ठरवताना पाणी ज्या दिशेने वाहत आहे त्या दिशेला तोंड करून उभे राहावे."

रुपाली गेल्यावर नाझियाने ती ओळ पन्नासदा वाचली. तिचा राग साहेबावरून रुपालीवर गेला, रुपालीवरून स्वतःवर आला, आणि मग, जिथे जायला नको होता तिथे गेला. तीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला एवढं साधं कळू नये? शाळेत बसवून सांगितलं होतं. नीट ऐकलं असतं तर साहेबाला पळायला वाट राहिली नसती. आपल्याच बापाने त्यांच्या हातात पळवाट दिली. हे मनात आल्यावर ती उठून विहिरीवर गेली आणि गरज नसताना चार घागरी पाणी ओढलं.

तीन दिवसांनी ती आणि आवडाबाई खालच्या खडकावर होत्या. भरती लागली होती, तरी पाटी भरली नव्हती म्हणून दोघी मांडीभर पाण्यात थांबल्या होत्या. आवडाबाईने शिंपल्या ओंजळीत घेतल्या आणि पाटीकडे वळली, तर पाटी जागेवर नव्हती. रिकामीशी पाटी तरंगत चालली होती. वर. पुलाकडे.

"अगो माझी पाटी!" आवडाबाई पाणी कापत धावली. "चालली बग साहेबाकडे. अर्ज करायला चालली वाटतं." तिने पाटी पकडली, धापा टाकत परत आली. "पानी बगितलंस काय जोरात चढतंय? गुलामभाय असता तर म्हनला असता, चला, आता वर जायचा टाइम झाला."

नाझिया पाण्यात तशीच उभी राहिली. तिच्या मांड्यांवर पाणी मागून ढकलत होतं, समुद्राकडून डोंगराकडे. एक नारळाची झावळी तिच्या उजव्या अंगाने वर निघून गेली.

"आवडाबाय. बावा वर कधी जात?"

"कधी म्हंजे? भरतीला. सुकतीला कोन जातो वर? डोकं फिरलंय का कुनाचं?"

"म्हणजे ते तिथे पोचत तेव्हा पाणी कुठल्या दिशेला वाहत असे?"

आवडाबाईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिला आता वैद्याकडेच न्यायला हवं. "वरच. तुना बापाने एवढंबी शिकवलं नाय?"

नाझिया पाटी तिथेच टाकून घरी आली. ओल्या लुगड्यानेच फॉर्म काढले. प्रत्येक फॉर्मवर वेळेचा रकाना होता आणि तो तिनेच भरला होता. सकाळी साडेसात, भरती. सकाळी आठ, भरती. नऊ, भरती. चाळीसच्या चाळीस. पाणी ज्या दिशेने वाहत आहे त्या दिशेला तोंड करून तो माणूस चाळीस वेळा उभा राहिला होता. सूचना ज्यांनी लिहिली त्यांनी नदी पाहिली होती. दिवसातून दोनदा उलटं वाहणारं पाणी त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. गुलाम रसूलने ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, आणि सांगितलं तसंच, जसंच्या तसं केलं होतं.

तिने पोस्टातून रुपालीला फोन लावला. "दुरुस्तीपत्र द्यायचं नाही. नजरचूक हा शब्द कुठेही लिहायचा नाही. भरतीची वेळ लिहायची. बाकी मी बघते."

"पण नाझियाताई, नियमाप्रमाणे..."

"नियमाप्रमाणेच."

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकशाही दिन असतो. लोकांनी अर्ज घेऊन यायचं, साहेबांनी समोर ऐकायचं. नाझिया पहाटेच्या एसटीने गेली. कारकुनाने टोकन दिलं त्रेपन्न नंबरचं. बसायला एक बाक, त्यावर अकरा माणसं. ती उभी राहिली. दुपारी दीडला कारकून म्हणाला, "जेवणाची सुट्टी." साडेतीनला म्हणाला, "तुमचं प्रकरण तर बंद झालेलं आहे, बाई. दफ्तरी दाखल. परत कसं घेऊ?"

"ज्यांनी अर्ज केला त्यांना बोलावलं होतं का पाहणीला?"

"तशी गरज नसते."

"मग आता वारस बोलावतेय."

आतल्या टेबलावर भुवड साहेब होते, तेच, पुलावरचे. पन्नाशीचे, नाकावर चष्मा, समोर वाटीत काकडीचे काप. मोठे साहेब शेजारी बसलेले, म्हणून त्यांना हसून बोलावं लागत होतं. "अहो, तुमच्या वडिलांना डावं-उजवं कळत नव्हतं, त्यात आमचा काय दोष?"

तिने टेबलाची कड धरली. "त्यांना कळत होतं की नाही ते तिथेच ठरवू. तेरा तारखेला, मंगळवारी, सकाळी सात वाजता जुन्या जेटीवर या. होडी माझी."

"होडी कशाला? पूल आहे की."

"पुलावरून तुम्ही पाहिलंत एकदा."

मोठे साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "जाऊन या, भुवड."

तारीख हफीजाने काढून दिली होती. मागच्या दारात बसून बोटांच्या पेरांवर चांद मोजत. "पुनवेला भरती उशिरा लागते, उधाणबी मोठं. नको. अकरावा चांद धर. सातला पानी चढतं असंल, नऊला थांबंल. बाराच्या आत कोथळीत चिखल." ती थांबली. "मग होडी सुटायला असरची वेळ."

"हेच पाहिजे," नाझिया म्हणाली.

हफीजाने मना केलं नाही.

तेरा तारखेला भुवड साहेब साडेसातला आले. दुसऱ्या दिवशी बारा वफातची, ईद-ए-मिलादची, सुट्टी होती, त्यांना चिपळूणला घरी जायचं होतं आणि ते त्यांनी तीनदा सांगितलं. पायात बूट. रुपाली आदल्या संध्याकाळीच आलेली. आवडाबाईने साहेबांचा हात धरून त्यांना होडीत घेतलं. "बसा, साहेब. मधी बसा. हलू नका, म्हंजे देव भलं करंल."

नाझियाने बांबू रेटला. तिने होडी लहानपणी चालवली होती, मग पंचवीस वर्षं नाही. पण दोन महिन्यांत तळव्यांना घट्टे पडले होते. भरतीवर होडी आपसूक चढत होती. कांदळवनाच्या मुळांत पाणी शिरल्याचा बारीक आवाज येत होता. खाडी जिथे दोन होते तिथल्या खडकाशी आल्यावर तिने बांबू तळात रोवला आणि होडी धरून ठेवली.

"साहेब, उभे राहा."

"इथे?"

"आवडाबाई धरेल तुम्हाला. सातवी सूचना वाच, रुपाली."

रुपालीने वाचली. नाझियाने मुळ्यांच्या पाटीतून एक वाळकं पान घेतलं आणि पाण्यावर टाकलं. पान गोल फिरलं आणि वर निघालं.

"पाणी कुठल्या दिशेने वाहतंय, साहेब?"

भुवड साहेबांनी चष्मा सारखा केला.

"बगा नीट," आवडाबाई म्हणाली. "चष्म्याचा नंबर बरोबर हाय ना?"

"वर," ते म्हणाले.

"त्या दिशेला तोंड करा. आता उजवा हात वर करा."

हात वर करायचं त्यांनी टाळलं. पण डोकं आपोआप उजवीकडे वळलं, आणि तिथे, कांदळाच्या रांगेपलीकडे, लालसर मातीची सरळ भिंत दिसत होती. तिच्यावरून एक माणूस सायकल घेऊन चालला होता.

"हे सगळं ठीक आहे हो," ते खाली बसत म्हणाले. "तांत्रिक मुद्दा आहे. मी बघतो. चला आता परत."

"मोजल्याशिवाय कसं? पाहणी समक्ष असते ना?"

नऊच्या सुमाराला होडी बांधापासून वीस हातांवर आली. तीच जागा. आवडाबाईने नाझियाकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. नाझियाने गाठींची दोरी काढली आणि होडी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा नेली. लांबी. उंची. पायथ्याचे दगड. प्रत्येक वेळी ती गाठी मोठ्याने मोजायची आणि रुपाली फॉर्मवर लिहायची. साहेबांनी आपली वही उघडली नाही. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. होडी परत त्याच जागी आणून तिने बांबू रोवला तोवर पाणी फिरलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. होडीच्या तळाला मऊ काहीतरी घासलं तेव्हा आलं.

"काय झालं?"

"सुकती."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी गेलं. आता असरला येईल."

"किती वाजता?"

"पाच. कधी साडेपाच."

भुवड साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. चारी बाजूंनी काळा चिखल, त्यावर चिंबोऱ्यांची बारीक भोकं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. "ही अडवणूक आहे, बाई. मी याची नोंद घेईन."

"घ्या. वही आहे तुमच्याकडे. पहिल्यापासून घ्या."

तेवढ्यात बांधावर जीप थांबली. उमेर उतरला, डोळ्यांवर हात धरून त्याने पाहिलं, आणि हसला. "अरे साहेब, तुमी इकडं कसं? ह्या बायांनी आनलान काय? थांबा, फळी टाकतंय. वर या, चा घ्या, गाडी हाय, राजापूरला सोडतंय तुमास." त्याने माणसांना हाक दिली. दोघांनी लांब फळ्या आणल्या आणि बांधापासून एकीपुढे एक चिखलावर टाकल्या. शेवटचीचं टोक होडीच्या कडेपर्यंत आलं. "या, या. बूट खराब होनार नाय."

भुवड साहेब उठले. त्यांनी एक पाय कडेवर ठेवला.

नाझिया बांबूला टेकून उभी होती. तिचा आवाज चढला नाही. "साहेब, जा खुशाल. पण मार्चच्या पत्रात तुमच्या सहीने लिहिलंय, इथे बांध नाही. मग तुम्ही चढणार कशावर, तेवढं लिहून जा."

फळी हलत होती. वर उमेर हात पुढे करून वाकला होता. तळ्यांतले पंखे पाणी घुसळत होते.

"ह्या बाईच्या नादी लागू नका," उमेर म्हणाला. "बाप गेल्यापासनं..."

"बाप कुठं गेला ते सांग साहेबांना," नाझिया म्हणाली. "ही होडी. ही जागा. तुझी माणसं तिथे उभी होती, खाद्य टाकत. सकाळपासून दुपारपर्यंत. सांग."

उमेरचा हात मागे गेला. बांधावरच्या दोघांपैकी एकाने मान खाली घातली.

भुवड साहेब हळूच खाली बसले. त्यांच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. त्यांनी चष्मा पुसला, वही काढली, पेनचं टोपण तोंडात धरलं आणि लिहायला लागले. फळी तशीच राहिली. थोड्या वेळाने उमेर जीपकडे गेला, जीप मात्र लगेच सुरू झाली नाही.

ऊन वाढलं. आवडाबाईने पदराखालची भाकरी आणि सुकट काढली, साहेबांनाही दिली. "खा. बांधाआधी मुळे होते इथं, आता सुकटीवर भागवा." त्यांनी खाल्लं. बांधाच्या पायथ्याची एक दगडी फट पाझरत होती, आतलं पाणी बाहेरच्या चिखलाच्या चार हात वर उभं होतं. नाझियाने चिखल तुडवत जाऊन बांधाच्या दोन्ही अंगांना दोरी टाकून परत मोजलं. आत सात गाठी. बाहेर शून्य.

"आत सात हात," ती म्हणाली. "तेव्हाही सातच लिहिलं होतं."

साहेबांनी लिहिलं. मग थांबले. "अडथळा प्रथम कोणी निदर्शनास आणला, असा रकाना आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा."

"गुलाम रसूल इब्राहिम दांडवेळकर. अकरा जानेवारी, दोन हजार तीन."

"बाई, मयताचं नाव कसं घालणार?"

"तेव्हा ते मयत नव्हते."

पेन कागदावर काही वेळ टेकलेलं राहिलं. मग चाललं. रुपालीने बाजूने वाकून अक्षरन् अक्षर पाहिलं, आणि नाझियाला मान हलवली.

"आणि फाटा?" नाझियाने विचारलं.

"प्रवाहाच्या..." साहेबांनी सुरुवात केली. चिखलाकडे पाहिलं. वाहायला तिथे काहीच नव्हतं. "भरतीच्या प्रवाहाच्या दिशेने, उजवा," ते म्हणाले, आणि तसंच लिहिलं.

पाणी यायला पाच वाजून गेले. होडी उचलली गेली तेव्हा साहेबांचे बूट ओले झाले, कारण तळातून पाणी झिरपत होतं. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जेटीवर उतरल्यावर ते थांबले नाहीत, चिपळूणची शेवटची गाडी साडेसहाची होती.

हफीजा मागच्या दारात बसलेली होती, सकाळी सोडली तशीच. नाझिया आली, पायांवरून पाणी ओतलं, काळा चिखल ओघळून अळूच्या पानांत गेला.

"लिवलान?"

"लिहिलं."

"कुठल्या फाट्यात?"

"उजव्या."

हफीजाने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता फोडतील?"

कोथळीकडून पंख्यांचा आवाज येत होता. नाझियाने दोरी धुतली, एकेक गाठ बोटांनी चोळून धुतली, आणि बापाच्या खुंटीवर टांगली. खाली तिचं पाणी ठिबकत राहिलं.

"चौदा नंबर सोडून अजून एकोणचाळीस आहेत," ती म्हणाली. "परवा परत जायचंय. भरती किती वाजता?"

हफीजाने बोटांची पेरं मोजायला घेतली.